फुकटातलं इंकस्केप आणि आमचा ‘सुस्वागतम्’

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीचा बॅनर दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. गेल्या साली मोबाइलवरच्या एका अ‍ॅपात केला, तर ‘स्वा’ फुटून ‘स्‌वा’ झाला. जोशीकाकू अजून चिडवतात. म्हणून यंदा लॅपटॉपवर इंकस्केप हे चित्रं-अक्षरं रेखाटायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पैसे शून्य, आणि जोडाक्षरं टाइप करताच जागच्या जागी.

फॉन्ट घेतला ‘मोदक’. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. अक्षरं अशी गुबगुबीत की आतल्या पोकळ्या जेमतेम दिसतात.

खरी गंमत काठाची. अक्षरांना थेट स्ट्रोक (कडेची रेघ) दिला की शिरोरेषेवर प्रत्येक सांध्यापाशी उभी रेघ उमटते, विटांच्या भिंतीसारखी. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. उपाय सोपा निघाला: ऑब्जेक्ट टू पाथ (मजकुराचे नुसते आकार होतात), मग अनग्रुप (आकार सुटे होतात), मग युनियन (ते एकात मिसळतात). सगळा शब्द एकसंध झाला. त्याची नक्कल काढून आउटसेटने फुगवली, मागे ढकलली, मरून रंग भरला. पुढच्या अक्षरांना पिवळ्यातून केशरीत जाणारा ग्रेडियंट. झालं! मूळ मजकुराची फाइल मात्र वेगळी ठेवा, पाथ केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. (हे मला कसं कळलं ते विचारू नका.)

अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या फंदात पडू नका, शिरोरेषा तुटते. मेनू सुरुवातीला डोकं खातात. पाचपैकी चार तारे. छपाईवाल्याला पीडीएफ दिली, त्याच्याकडे फॉन्ट नव्हता तरी अडलं नाही.