हॅमर ड्रिलचे बसलेले पॅक भरून घेतले : तपकीर गल्लीतलं बिनपाटीचं दुकान

आमचा धंदा कबुतरांच्या जाळ्या बसवायचा. धायरी, नऱ्हे, आंबेगाव हा आमचा पट्टा. बाल्कनीत काम असेल तर घरातला प्लग मिळतो, पण पुण्यातली निम्मी कबुतरं डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या बोळात, राहतात आणि तिथे प्लग नसतो. शिवाय दोरावर लटकलेल्या पोराच्या हातात लांब वायरचं मशीन द्यायला माझं मन घेत नाही. म्हणून आमची दोन्ही हॅमर ड्रिल बॅटरीवरची, १८ व्होल्टची. मशीनं दणकट आहेत, अजून दहा वर्षं जातील. बॅटऱ्या मात्र आधी बसतात. चार्जरवर हिरवा दिवा, पॅकवर चारही दिवे, आणि काँक्रीटमध्ये ६ एमएमचं भोक पाडायला घेतलं की चार-पाच हुकांत मशीन गप्प. वरून पोरगं ओरडतं, "काकू, दुसरी पाठवा!" आणि दुसरीही तशीच.

नवा ओरिजिनल ५ अँपिअर-अवरचा पॅक मला साडेसात हजाराला सांगितला. दोन घ्यायचे म्हटले तर पंधरा हजार, म्हणजे एका मध्यम डक्टची कमाई. हिशेब मी बघते, त्यामुळे नवऱ्यानं "घेऊन टाकू" म्हटलं तरी मी घेतले नाहीत. सगळे मेलेले पॅक पिशवीत घालून, जुन्याच खोक्यांत नवे सेल भरून घ्यायला बुधवार पेठेत गेले.

दुकानाला पाटी नाही, म्हणून इथे नाव लिहीत नाही. तपकीर गल्लीत एखाद्या एलईडीवाल्याला "ड्रिलच्या बॅटऱ्या भरणारे कुठे?" असं विचारा, तो हात करून दाखवेल. जिन्याखालची जागा. बाप गल्ल्यावर, मुलगा कामाला, आणि गिऱ्हाईक गल्लीत उभं. बहुतेक काम ई-बाइक आणि फवारणी पंपांच्या बॅटऱ्यांचं, ड्रिलचं मधूनमधून.

या दुकानाची मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे पॅक तुमच्यासमोर उघडतात. मधोमध खुंटी असलेले ते चांदणीचे स्क्रू काढले, आत दहा सेल. दोन-दोन सेलची एक जोडी, अशा पाच जोड्या एकापुढे एक. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणून पाच जोड्यांचे १८. मुलानं एकेका जोडीला मीटर लावून मलाच आकडे वाचायला सांगितले. चार जोड्या ३.९ च्या आसपास आणि एक १.४ वर. म्हणजे आठ सेलमध्ये जीव होता, पण एक जोडी आडवी झाली की सगळा पॅक आडवा.

मी साहजिकच म्हटलं, "मग तेवढीच जोडी बदला ना."

"बदलून देतो ताई, पण महिन्याभरात परत याल," तो म्हणाला. जुन्या आठांच्या सोबतीला नवे दोन बसवले की जुने आधी रिकामे होतात, आधी भरतात, आणि फरक वाढत जातो. बरं, १.४ पर्यंत उतरलेला सेल बाहेरून झटका देऊन उठवणारेही लोक आहेत. हा मुलगा ते करत नाही. लिथियमचा सेल इतका खाली जाऊन बराच काळ पडून राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती असते. त्यानं काम नाकारलं तिथेच माझा निम्मा विश्वास बसला.

उरलेला निम्मा बसला सेल निवडताना. दिसायला सगळे सेल सारखेच, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर उंच. पण लॅपटॉपमधला सेल साधारण ५ अँपिअर करंट द्यायला बनवलेला असतो, आणि हॅमर ड्रिल काँक्रीटमध्ये अडलं की पॅककडून २०-३० अँपिअर सहज मागतं. दोघांत वाटले तरी एका सेलवर १०-१५ येतात. लॅपटॉपचे सेल भरलेला पॅक गरम होतो, व्होल्टेज कोसळतं, मशीन थांबतं, आणि आपण म्हणतो मशीन खराब. त्यानं आम्हाला सॅमसंगचे २५आर दाखवले, २५०० एमएएचचे, म्हणजे अडीच अँपिअर-अवरचे, आणि २० अँपिअर करंट देणारे. दोन मिळून ५ अँपिअर-अवर, म्हणजे पॅकवर छापलंय तेवढंच. ३००० वालेही होते, पण जे होते ते करंटला कमी. नुसते स्क्रू पिळणाऱ्या सुतारानं ते घ्यावेत, आम्हाला उपयोग नाही.

याच नावाचे नकली सेलही बाजारात खंडीभर आहेत. त्यावर त्याची दोन हत्यारं : सराफाकडे असतो तसला छोटा काटा आणि सेलचा आतला रोध मोजणारं मीटर. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो आणि मीटरवर १५-२० मिलिओहम दाखवतो. त्यानं शेजारी लॅपटॉपमधून काढलेला एक लावून दाखवला, तो साठच्या पुढे गेला. आणि वेष्टनावर ९९०० एमएएच लिहिलेला सेल दिसला तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडा. या मापाच्या सेलमध्ये त्याच्या जवळपासही अजून कोणी गेलेलं नाही.

जोडणी स्पॉट वेल्डिंगनं, निकेलच्या पट्टीनं. सोल्डरिंगची इस्त्री सेलवर टेकवत नाहीत, कारण त्या उष्णतेनं सेल आतून खराब होतो. गणपतीच्या फोटोखाली मिठाच्या पाण्याचा एक ग्लास ठेवलाय, त्यात दोन पट्ट्या. एक लखलखीत, एक गंजून तांबूस. गंजलेली ती निकेलचा मुलामा दिलेली लोखंडाची, बाजारात स्वस्त मिळते. पावसाळ्यात डक्टमध्ये काम करणाऱ्यांनी तो ग्लास बघून यावा.

खर्च : सेलचे प्रत्येकी २८०, दहा सेल, वर मजुरी ५००. एका पॅकचे ३,३००. पक्कं बिल मागितल्यावर थोडी कुरकुर झाली, पण मिळालं. गॅरंटी सहा महिने, पाणी गेलं तर नाही. दुसऱ्या पॅकचा बोर्ड, म्हणजे आतलं सेल सांभाळणारं सर्किट, लॉक झालेला निघाला. नवे सेल घालूनही कंपनीचा चार्जर त्याला हात लावेना. बोर्ड बदलायचे ४५० वेगळे गेले, आणि त्या पॅकचे दिवे आता मनाला येईल ते दाखवतात. दोन दिवे असताना अचानक संपतो. पोरांनी त्याला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय. हे आधी सांगायला हवं होतं, म्हणून माझा एक तारा कमी.

पिशवीतला तिसरा पॅक ऑनलाइन घेतलेला, ओरिजिनलच्या निम्म्या किमतीत, वर ९ अँपिअर-अवर छापलेलं. हातात घेताच म्हातारबाबा गल्ल्यावरून हसले. उघडला तर दहा खणांत पाचच सेल, तापमान बघणारा सेन्सर नाही, जोड्या सारख्या राखणाऱ्या वायरी नाहीत. "यात पैसे घालू नका," एवढंच म्हणाले आणि उघडायचे पैसेही घेतले नाहीत.

चौथा सासऱ्यांचा. १२ व्होल्टचं जुनं ड्रिल, निकेल कॅडमियमचा पॅक, १.२ व्होल्टचे दहा जाडजूड सेल. युरोपात हत्यारांसाठी असे कॅडमियमचे पॅक विकणं २०१६ च्या अखेरीला बंद झालं, आमच्या घरी मात्र त्यावर प्रेम आहे. त्यात लिथियमचे तीन सेल बसतात, पण मग जुना चार्जर कायमचा बाजूला ठेवावा लागतो. त्याला दर सेलमागे ४.२ व्होल्टला थांबायचं असतं हे माहीत नाही, तो भरत सुटतो, आणि लिथियममध्ये भरत सुटणं म्हणजे आग. सेल, बोर्ड, नवा चार्जर असं सगळं धरलं तर नवं छोटं मशीन येतं. मुलानं तसं स्पष्ट सांगितलं, सासऱ्यांना ते पटलं नाही. त्यांनी पॅकच्या रिकाम्या खोक्यातून जाड वायर बाहेर काढून, मध्ये फ्यूज टाकून ड्रिल मोटारीच्या जुन्या बॅटरीला जोडलंय. अंगणात छान चालतं. कॉर्डलेस मात्र राहिलं नाही.

भरलेले दोन्ही पॅक उन्हाळाभर वापरून हे लिहितेय. नवे असताना जेवढं काम निघायचं तेवढं निघतं, पॅक कोमट होतो, चटका बसत नाही. कंपनीच्या वॉरंटीत असलेला पॅक मात्र इथे नेऊ नका, एकदा उघडला की वॉरंटी गेली.

तक्रारी अजून दोन. "उद्या संध्याकाळी" म्हणतात तो उद्या लवकर येत नाही, फोनही उचलत नाहीत. आणि जुन्या सेलचं काय करता, याचं उत्तर "माणूस येऊन नेतो" एवढंच. टोकांना टेप लावून वाळूच्या बादलीत ठेवतात हे बघितलं, ते बरं आहे. पण २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय. हे मी एका शोरूमच्या काउंटरवर म्हटलं, तर तिथली पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

पाचपैकी चार. गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही. मेट्रोनं मंडईला उतरून चालत जा, शक्यतो सकाळी, दुपारनंतर ई-बाइकवाल्यांची रांग लागते. आणि पॅकच्या टोकांना घरूनच चिकटपट्टी लावून न्या. त्याच पिशवीत किल्ल्या आणि सुटी नाणी टाकू नका.