अलेक्झांड्रियात रमल स्टेशनजवळचं साधं हॉटेल, दीर्घ मुक्कामानंतर: खोली घेण्याआधी गीझर बघा

जानेवारीत ऐन वादळात खोलीतला गीझर बंद पडला आणि पुन्हा चालू व्हायला आठवडा उलटला. त्या तिडिकीत एक तारा देऊन ठेवला होता. आता तीन देतोय. दोन कशाने वाढले ते पुढे येईलच. हॉटेलचं नाव देत नाही. साद झगलूल चौक ते रमल स्टेशन या पट्ट्यातली या दराची हॉटेलं जवळपास एकाच साच्यातली आहेत: इटालियन धाटणीच्या जुन्या इमारतीतले एक-दोन मजले, खाली दुकानं, मधे दवाखाने आणि वकिलांची ऑफिसं, उंच छत, गार फरशी आणि खोलीच्या कोपऱ्यात नंतर बांधलेलं बाथरूम. त्यामुळे इथलं बहुतेक सगळं शेजारच्या हॉटेललाही लागू पडेल. खोल्यांचे फोटो, चेक-इनची वेळ वगैरे बुकिंगच्या साइटवर आहेच.

जागेला तोड नाही, हे आधीच सांगतो. कॉर्निश, म्हणजे समुद्राकाठचा रस्ता, समोर; मिस्र हे रेल्वेचं मुख्य स्टेशन पायी पंधरा-वीस मिनिटं, बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना हे मोठं ग्रंथालय समुद्राकडेने अर्ध्या तासात. कैरोहून रेल्वेने येताना सिदी गाबरला गर्दी उतरते म्हणून उतरू नका, शेवटपर्यंत बसा; मिस्र स्टेशन इथून जवळ पडतं. बुर्ज अल अरब विमानतळ मात्र शहराच्या नैऋत्येला सुमारे 50 किलोमीटरवर आहे, तेव्हा पहाटेचं विमान असेल तर टॅक्सी आदल्या संध्याकाळी ठरवा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मीटरवर कुणी विसंबत नाही, भाडं बसायच्या आधी बोलून घ्यायचं. रोजच्या फिरण्याला मायक्रोबस, ज्याला इथं ‘मशरू’ म्हणतात. कॉर्निशवर हात केला की थांबते.

आता गरम पाणी. जानेवारीत रात्री 9-10 अंश आणि दुपारी 18, हा आकडा पुण्याच्या माणसाला घाबरवणारा नाही. पण पुण्यात दुपारी ऊन असतं आणि हवा कोरडी. इथं समुद्रावरून दमट वारा येतो, खोलीत हीटर नसतो, छत उंच, आणि ओला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत वादळं ठरल्यासारखी येतात. त्यांना ‘नव्वा’ म्हणतात, आणि इथल्या मच्छीमारांच्या हिशेबात प्रत्येक वादळाला नाव आणि तारीख आहे: नोव्हेंबरच्या मध्यात मकनसा, डिसेंबरच्या सुरुवातीला कासिम, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फैदा अल-कबीरा, महिनाअखेरीस करम. तारीख दोन-चार दिवस मागेपुढे होते, वादळ बहुधा चुकत नाही. जहाजाच्या सर्व्हेसाठी किंवा क्रू बदलासाठी मुंबईहून येणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. वारा वाढला की अलेक्झांड्रिया आणि दखैला या दोन्ही बंदरांचं तोंड जहाजांना बंद करतात, काम पुढे ढकललं जातं, आणि हॉटेलचा मुक्काम नेमका सगळ्यात थंड दिवसांत लांबतो. अशा वेळी खोलीतली एकच वस्तू उपयोगाची असते, ती भिंतीवरचा गीझर.

आमच्या खोलीत 50 लिटरचा, 1500 वॉटचा उभा गीझर होता. हिवाळ्यात नळाचं पाणी साधारण 16 अंशाला येतं. तिथून 60 अंशाला न्यायला अडीच युनिटं वीज आणि पावणेदोन तास लागतात. थर्मोस्टॅट 60 वर असेल तर त्यात गार पाणी मिसळून 40 अंशाचं ऐंशी-नव्वद लिटर पाणी मिळतं, म्हणजे चार बादल्या. शॉवर मिनिटाला दहा लिटर ओततो, तेव्हा आठ-नऊ मिनिटं. दोघं लागोपाठ आंघोळ करणार असतील तर पुरतं, पण तिसऱ्याला पुन्हा तास-दीड तास थांबावं लागतं. गीझर 30 लिटरचा असेल तर एकालाच. म्हणून खोली दाखवतात तेव्हा गादी दाबून बघण्याआधी बाथरूममध्ये जाऊन गीझरवरचा लिटरचा आकडा वाचा.

बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल आणि त्याचा धूर नळकांड्याने बाहेर जात नसेल तर ती खोली घेऊच नका, फुकट दिली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडी म्हणून खिडकी लावून घेतली की लहान बाथरूममध्ये माणूस आंघोळ करता करता कोसळतो. महाराष्ट्रातही दर हिवाळ्यात अशा बातम्या वाचतोच आपण.

बिघाडाकडे येतो. काउंटरवर ‘सख्खान बायिज’ म्हटलं की गीझर बिघडल्याचं कळतं, आणि पाठवला जातो ‘सब्बाक’, म्हणजे प्लंबर. चूक इथंच होते. आमच्याकडे प्लंबर आला, लवचीक पाइप बदलला, नळ सोडून दाब बघितला, ‘तमाम’ म्हणून गेला. पाणी गारच. तक्रार केली की पुन्हा तोच माणूस आणि तोच पाइप, हे दोनदा झालं. लागतो तो ‘कहरबाई’, इलेक्ट्रिशियन. कुणाला बोलवायचं हे आपण सांगायचं, आणि ते दिव्यांवरून कळतं. बाथरूमबाहेरच्या स्विचचा दिवा लागत नसेल तर एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) पडलाय किंवा स्विच जळलाय. स्विचचा लागतो पण गीझरचा स्वतःचा लागत नाही, आणि पाणी गार: थर्मोस्टॅट किंवा थर्मल कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारं बटण. दोन्ही दिवे तासभर लागून राहिले तरी पाणी गार: बहुतेक मॉडेलांत याचा अर्थ कॉइल गेली. या तिन्हींत प्लंबरचं काम नाही. पाणी कढत येतं पण बादलीभरात गार पडतं, किंवा लालसर येतं, तेव्हा प्लंबर.

आमच्या गीझरचा कटआउट उडत होता. आतलं लाल बटण दाबलं की दोन दिवस चालायचा, मग पुन्हा बंद. कटआउट वारंवार उडतो तेव्हा दोष बहुधा कॉइलवर बसलेल्या क्षारांच्या थराचा असतो. शहराला पाणी नाईलचं, महमूदिया कालव्यातून आलेलं. ते फार जड नाही, पण अशा हॉटेलांत गीझर वर्षानुवर्षं उघडलेलाच नसतो. थराखाली उष्णता अडकते, थर्मोस्टॅटजवळचा भाग वाजवीपेक्षा तापतो आणि कटआउट आपलं काम करतो. बटण दाबत राहणं हा त्यावरचा इलाज नाही. वीज तोडायची, टाकी रिकामी करायची, खालची फ्लँज, म्हणजे बोल्टने बसवलेलं झाकण, उघडून कॉइल बाहेर काढून खरवडायची, तळाचा चिखल धुवायचा, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड झिजून तारेएवढा उरला असेल तर नवा घालायचा, गॅस्केटही नवं. मग पाणी भरायचं, आणि गरम पाण्याच्या नळातून हवा जाऊन सलग धार आल्यावरच वीज लावायची. कोरड्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते. सामान आणलेलं असेल तर हे काम दोन तासांचं आहे.

तरी आठवडा का गेला? सात जानेवारीला कॉप्टिक नाताळची सुट्टी, त्याला लागून शुक्रवार, आणि सुटे भाग आणायला माणूस ‘बुकरा’. बुकरा म्हणजे उद्या, पण कोणता उद्या हे त्यात ठरलेलं नसतं. तक्रार बुधवारपर्यंत करा. गुरुवारी दुपारनंतर केलेली थेट शनिवारी वाचली जाते. 25 जानेवारीलाही सुट्टी असते. आणि तोंडी सांगू नका. दिवे लागलेला-न लागलेला फोटो काढून मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपवर टाका, इलेक्ट्रिशियन हवा असं स्पष्ट लिहा.

सुरक्षेचं आणखी एक. या इमारतींतल्या बऱ्याच सॉकेटना अर्थिंग नसतं. ओल्या हाताला नळ झिणझिणला तर त्या क्षणी गीझर बंद करून खोली बदला. झिणझिणत नसला तरी आंघोळीला जाताना स्विच बंद करून जायची सवय इथं ठेवाच. गीझर आणि इलेक्ट्रिक किटली मिळून 16 अँपिअरच्या आसपास ओढतात. त्यात तिसरं काही लावलं की एमसीबी पडतो आणि दोष गीझरला जातो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी गळतं, तो बिघाड नाही. तापलेलं पाणी फुगतं, 50 लिटरला पाऊण लिटरच्या आसपास. तो व्हॉल्व्ह कुणी कापडाने किंवा बुचाने बंद केलेला दिसला तर मात्र ताबडतोब सांगा.

सुरुवातीचा परिच्छेद सोडला तर इथपर्यंतचं फेब्रुवारीत लिहिलं होतं. पुढचं मे अखेरीस.

मार्चमध्ये दोन गोष्टी झाल्या. कहरबाईने कॉइल काढली तेव्हा तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा-तपकिरी थर होता आणि अॅनोडच्या जागी नुसती सळई. तो थर मॅनेजरने स्वतः हातात घेऊन बघितला, फोडून बघितला, आणि त्या मजल्यावरचे सगळे गीझर एकामागून एक उघडायला लावले. खर्च आपला नाही, पण दरवाज्यावर तारखेची चिठ्ठी लावायला सुचवली तर तीही लावली. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही पाणी गार आलेलं नाही. दुसरं म्हणजे त्याच दरात गल्लीकडची खोली मिळाली, आणि समुद्राकडच्या खोलीबद्दलचं मत पार बदललं.

समुद्राकडची खोली सगळेच मागतात, दरही तिलाच जास्त. लांबच्या मुक्कामाला ती घेऊ नका. कॉर्निशवर रात्रभर हॉर्न वाजतात. वायव्येचा वारा लाकडी झडपांच्या फटींतून खारट पाणी आत ढकलतो. नव्वा येणार असेल तेव्हा झडपा बाहेरून घट्ट ओढून खिडकीच्या उंबऱ्यावर जुना टॉवेल गुंडाळून ठेवावा लागतो. बिजागऱ्या, कुलूप, बॅगेची चेन, सगळ्यांवर मिठाने गंज चढतो. गल्लीकडच्या खोलीत यातलं काही नाही. इमारतीच्या मधल्या चौकाकडे, म्हणजे ‘मनवर’कडे उघडणारी खोली सगळ्यांत शांत आणि हिवाळ्यात सगळ्यांत ऊबदार, पण तिथं कपडे वाळत नाहीत आणि खालच्या स्वयंपाकघरांचा वास वर येतो. पहाटेच्या अजानने झोप मोडत असेल तर अल-काइद इब्राहीम मशिदीपासून लांबची बाजू मागा.

किरकोळ गोष्टी. मोबाइल चार्जरच्या दोन गोल पिना थेट बसतात, लॅपटॉपची आपली तीन पिनांची वायर बसत नाही, अॅडॉप्टर न्या. कमोडमध्ये ‘शत्ताफ’ म्हणजे पाण्याची नळी असतेच, तिचा बाजूचा नळ आधी हळू फिरवून बघा, जोर फार असतो. शॉवरची धार बारीक झाली तर जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या लोखंडी पाइपांचा गंज अडकलेला असतो. लिफ्ट फोर्टातल्या जुन्या इमारतींतल्यासारखी जाळीची. बाहेर पडताना दोन्ही दारं लावली नाहीत तर ती तिथंच अडून राहते आणि बाकीचे जिने चढतात. 2023 आणि 2024 च्या उन्हाळ्यात देशभर ठरवून वीज बंद ठेवत होते. जुलै 2024 मध्ये ते थांबलं, तरी सामान घेऊन लिफ्टमध्ये शिरण्याआधी जिना कुठे आहे ते बघून ठेवा.

शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. सकाळी ‘फूल’, म्हणजे वालासारख्या दिसणाऱ्या बाकला कडधान्याची शिजवून घोटलेली उसळ, सोबत त्याच बाकल्याचे ताअमिया, म्हणजे तळलेले वडे, आणि गरम बलदी रोटी. शकूर रस्त्यावरचं मोहम्मद अहमद यासाठी शहरात प्रसिद्ध आहे आणि इथून चालत पाच मिनिटांवर. दुपारी कोशरी, म्हणजे भात, मसूर आणि मॅकरोनी एकत्र. हॉटेलचा नाश्ता दरात धरलेला नसेल तर वेगळे पैसे देऊन घेऊ नका.

आणि दर. काउंटरवर सांगितलेला आकडा शेवटचा असतोच असं नाही. त्यावर 12 टक्के सेवा आकार आणि त्या बेरजेवर 14 टक्के व्हॅट लागू शकतो. म्हणजे 1000 इजिप्शियन पाउंडाचे 1276 पाउंड 80 पियास्टर. ‘शामिल?’, म्हणजे सगळं धरून का, असं विचारा, आणि उत्तर कागदावर आकड्यात लिहून घ्या. परदेशी माणसाला वेगळा दर सांगतात, काही ठिकाणी डॉलरमध्ये. मार्च 2024 मध्ये पाउंडाचा दर बाजारावर मोकळा सोडला तेव्हा एका दिवसात डॉलर 31 वरून 50 पाउंडांच्या आसपास गेला होता. त्यामुळे महिन्याचा सौदा कोणत्या चलनात ठरला हेही त्याच कागदावर असू द्या. महिन्याचा दर हिवाळ्यात बोलायचा. जूनपासून कैरोची कुटुंबं समुद्रावर येतात, तेव्हा घासाघीस चालत नाही आणि गल्लीकडच्या खोल्याही भरतात. सौद्याच्या कागदावर तिसरी ओळ आम्ही घालून घेतली आणि ती त्यांनी सही करून दिली: गरम पाणी बंद राहिलं तर 48 तासांत दुरुस्ती, नाहीतर दुसरी खोली.