सेलेस्टिया: आभाळासाठी घ्या, झाडांसाठी नको

शाळेच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवरही सेलेस्टिया हे अंतराळात फिरवून आणणारं सॉफ्टवेअर चालतं. फुकट आहे, २००१ पासून आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. यावल-चोपड्याकडे रेंज गेली तरी तास अडत नाही. दुसऱ्या ताऱ्यांवरून आभाळ कसं दिसेल, हे दाखवायला याच्याइतकं सोपं साधन क्वचितच मिळेल.

आधी हे करून बघा. एंटर दाबा, इंग्रजी स्पेलिंगनं अल्फा सेंटॉरी टाइप करा, पुन्हा एंटर, मग जी. पोहोचलात की एच दाबून सूर्य निवडा, सी दाबून तो मध्यावर आणा आणि तिरक्या रेघेच्या कीनं तारकासमूहांच्या रेघा लावा. शर्मिष्ठेच्या ओळखीच्या पाच ताऱ्यांशेजारी एक जादा ठळक तारा दिसेल. तोच आपला सूर्य, प्रत (ठळकपणाचं माप; आकडा कमी तितका तारा ठळक) साधारण ०.५. एच दाबायचं राहिलं तर सीनं अल्फा सेंटॉरीच समोर येते. गडबड बहुतेक इथेच होते. तारे फार दाटले आणि आकृती हरवली, तर डाव्या चौकटी कंसाची की दोन-चारदा दाबून फिके तारे कमी करा.

पुढचा मुक्काम प्रॉक्सिमा बी. प्रॉक्सिमा या ताऱ्याचा हा ग्रह २०१६ मध्ये सापडला, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीत तो शोधू नका. ग्रह निवडून जी, मग कंट्रोल-जीनं जमिनीवर उतरा. प्रॉक्सिमा तारा निवडून व्ही दाबलं की माहितीत त्याचा दृश्य व्यास (आभाळात तो किती मोठा दिसतो ते) येतो: सुमारे पावणेदोन अंश. आपला सूर्य अर्ध्या अंशाचा, म्हणजे तीन सूर्य शेजारी शेजारी ठेवल्यासारखं. वर्ष ११.२ दिवसांचं. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे राहण्याची शक्यता दाट; तसं असेल तर तिथे ना उगवती, ना मावळती.

इथून पुढे मात्र सेलेस्टियावर विसंबू नका. जमिनीचं चित्र निव्वळ कल्पनेचं आहे, आणि झाडं तर नाहीतच. पोस्टरांवर दिसतं तसं रक्तासारखं लाल आभाळही खरं नाही. प्रॉक्सिमाचं तापमान सुमारे ३,००० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेपेक्षा थोडंच जास्त. प्रकाशही तसाच पिवळसर. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, पण इथे मुळात निळाच कमी. त्यामुळे हवा असलीच तर आभाळ मे महिन्यातल्या भुसावळसारखं पांढुरकं.

झाडांचा अंदाजही प्रकाशावरूनच बांधायचा. केळीचं पान लाल आणि निळा जास्त शोषतं, हिरवा थोडा परत टाकतं, म्हणून हिरवं दिसतं. प्रॉक्सिमासारख्या लाल खुज्या ताऱ्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. दिसणारा प्रकाश इतका तुटपुंजा की पानाला त्यातला काही परत टाकणं परवडणार नाही. म्हणून नासाच्या नॅन्सी किआंग यांनी २००७ च्या सुमारास तिथली झाडं काळी असू शकतील असं मांडलं.

आभाळाचा रंग बरणीत दिसतो. काचेच्या बरणीत लिटरभर पाणी, अर्धा चमचा दूध, आणि अंधारी खोली. पांढऱ्या एलईडी टॉर्चनं कडेनं निळसर झाक येते. पिवळ्या बल्बनं ती जवळजवळ जाते. दूध जास्त झालं तर दोन्ही वेळा नुसता पांढरा गढूळपणा. मोबाइलनं फोटो काढणार असाल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर कॅमेरा दोन्ही रंग सारखेच करून टाकतो.