लोअर परळचं एचिंग वर्कशॉप, दोन दिवस आणि एक प्लेट

गेल्या शनिवार-रविवारी लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या स्टुडिओत एचिंग-अ‍ॅक्वाटिंटचं वर्कशॉप केलं. एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेषा कोरून ती कागदावर छापणं, अ‍ॅक्वाटिंट म्हणजे त्याच प्लेटवर अ‍ॅसिडने राखाडी-काळ्या छटा आणणं. फी साडेचार हजार, जस्ताची प्लेट, शाई, कागद सगळं त्यातच. विषय होता सोशल सटायर.

सरांनी आधी स्पॅनिश चित्रकार गोयाची ‘लोस काप्रिचोस’ ही उपहासाची चित्रमालिका दाखवली, 1799 ची, 80 प्रिंट्स, माद्रिदमध्ये चक्क अत्तर आणि दारूच्या दुकानात विकायला ठेवलेली. त्यातली 39 नंबरची डोक्यातून जाईना, एक गाढव आपल्या खानदानाचं पुस्तक उघडून बसलंय आणि पानावर ओळीने गाढवंच गाढवं. मला लगेच आमच्या नाक्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स आठवला, वर आजोबा, मध्ये वडील, खाली ‘भावी नगरसेवक’ चिरंजीव आणि फ्लेक्सच्या खालीच टँकरची रांग. तेच काढायला घेतलं. छापताना सगळं उलटं होतं म्हणून अक्षरं प्लेटवर उलटी काढावी लागतात, नुसत्या ‘भावी’ला अर्धा तास गेला.

पण खरा जीव अ‍ॅक्वाटिंटमध्ये आहे. राळेची बारीक पूड प्लेटवर बसू द्यायची, खालून गरम करायची, पांढरी पूड पारदर्शक झाली की लगेच थांबायचं, जास्त तापली तर कण एकमेकांत वितळतात आणि अ‍ॅसिडला शिरायला जागाच राहत नाही. मग जिथे कोरा कागद दिसायला हवा तिथे अ‍ॅसिड लागू नये म्हणून वॉर्निश, प्लेट थोडे सेकंद अ‍ॅसिडमध्ये, पिसाने बुडबुडे सारायचे, बाहेर काढून धुवायची, फिकट राखाडी झाकायचा, परत आत... जितका वेळ आत तितका काळोख. मी फ्लेक्सवरचे चेहरे पहिल्याच फेरीत झाकले आणि रांगेतली माणसं शेवटपर्यंत अ‍ॅसिडमध्ये ठेवली, तेव्हा कुठे मला कळलं की सगळी टीका रेषेत नसते, उजेड कोणाला द्यायचा यातही असते. गोयाची 32 नंबरची तुरुंगातली बाई तर रेषेशिवाय नुसत्या टोनवर उभी आहे.

तक्रारी दोन. दहा जणांत प्रेस एकच, त्यामुळे रविवारी दुपारभर ताटकळलो आणि प्रत्येकाला दोनच प्रिंट मिळाल्या. आणि अ‍ॅसिडच्या खोलीला एकच छोटा एक्झॉस्ट, हे त्यांनी लवकर सुधारायलाच हवं, घसा संध्याकाळपर्यंत खवखवत होता. सरांचं शिकवणं मात्र फार प्रेमाचं, प्रत्येकाची प्लेट हातात घेऊन बघतात.

जाणार असाल तर चांगला मास्क न्या, जुने कपडे घाला. एक प्रिंट मी नाक्यावरच्या चहावाल्या काकांना दिली, त्यांनी फ्लेक्सकडे बघितलंच नाही, आधी रांगेतल्या कळश्या मोजल्या.