आईचं बी-१२: इंजेक्शनं आणि गोळ्यांचा काही महिन्यांचा अनुभव

आईच्या व्हिटॅमिन बी-१२च्या कमतरतेवर इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू केल्या, त्याने फरक पडला, आणि चांगला पडला. तोंड येणं, जीभ सोलवटणं पहिल्या काही आठवड्यांतच थांबलं, मग थकवा कमी झाला, तोल सावरला. तळपायांचा बधिरपणा मात्र अजून पुरता गेलेला नाही. नसांवरचं मायलिनचं आवरण टिकायला बी-१२ लागतं. कमतरता लांबली तर मज्जारज्जूलाही इजा होते, आणि झालेली सगळी इजा भरून येतेच असं नाही.

आई जन्माची शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन. या गोळीने बी-१२ कमी शोषलं जातं. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे तूट कळतही नाही. पायांना मुंग्या यायच्या, त्या शुगरच्या म्हणून सोडून दिल्या गेल्या. हिमोग्लोबिनही चांगलं होतं, कारण ती लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घ्यायची. फॉलिक अॅसिडने रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांची हानी आत चालूच राहते. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

शंका आली ती तोंडाला साबण लावताना. डोळे मिटले की ती भिंत धरायची. पाय कुठे टेकलेत ही जाणीव नसांकडून नीट पोचेनाशी झाली की माणूस नजरेच्या आधाराने तोल सांभाळतो. रक्ततपासणीत बी-१२ दोनशे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या (याखाली कमतरता धरतात) बरंच खाली निघालं.

इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. औषध लालभडक असतं आणि दंडात दुखतं, पण लवकर निभतं. मुंग्या मधे थोड्या वाढल्या होत्या, नंतर ओसरल्या. सोबत मिळालेल्या गोळीत मिथाइलकोबालामिनबरोबर (म्हणजे बी-१२च) प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध होतं. त्याने तिला दिवसभर गुंगी यायची, आणि तोल जाणाऱ्या बाईला गुंगी म्हणजे पडण्याची भीती. डॉक्टरांना विचारून आम्ही नुसत्या बी-१२ची १५०० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असताना एवढी मोठी मात्रा का? जठरातला शोषणाला मदत करणारा घटक कमी पडला, तरी गोळीतला साधारण एक टक्का आपोआप रक्तात जातो.

दूध-दही ती रोज घेते, तेवढं तिला पुरलं नाही. स्पिरुलिनाच्या नादी लागू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ शरीराला वापरता येत नाही.

आम्ही घरातल्या लेकीसुनांचीही तपासणी करून घेतली. कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना आसपासच्या गावांतल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत बी-१२ कमी आढळलं होतं. तपासणी पहिल्या इंजेक्शनच्या आधी करा, नंतर आकडा फुगलेला येतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही.