बंदीच्या दिवसांतलं नेतृत्व शिबिर: पैसे वसूल, दुसऱ्या दिवशीची दुपार वगळून

आधी निकाल सांगते, तपशील मागून. पाचपैकी साडेतीन तारे. अठराशे रुपये फी, दोन दिवस आणि मधली एक रात्र, चहा-नाश्ता-जेवण त्यातच. वसईच्या किनाऱ्यावरचं एक रिट्रीट सेंटर, नालासोपाऱ्याहून रिक्षाने जायचं. विषय ‘काम, नेतृत्व आणि शहाणपण: ख्रिस्ती दृष्टीतून’. असल्या मथळ्याखाली काहीही खपवता येतं, म्हणून मी जरा साशंकच होते. माझ्या जावेने परस्पर नाव घातलं नसतं तर गेलेही नसते.

आमची पापलेटच्या जाळ्याची एक बोट आहे. समुद्र नवऱ्याकडे, वही माझ्याकडे. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल, मच्छीमार सोसायटीचं कर्ज, लिलावाचे पैसे, सगळं एका लांबड्या वहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे एकसष्ट दिवस बोटी शाकारून वर. पुरुष जाळी विणतात आणि आम्ही उधारीची आठवण करून द्यायला घरोघर फिरतो. शिबिर नेमकं या दिवसांत ठेवलं, त्याबद्दल आयोजकांना पूर्ण गुण. ऑक्टोबरात ठेवलं असतं तर बंदरावरून कुत्रंही गेलं नसतं.

पहिल्या दिवशीची सकाळ गोदीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची होती. साठी ओलांडलेली, आवाज बसका, हातात ना रिमोट ना तो लाल ठिपक्याचा दिवा. फळ्यावर त्यांनी खडूने एक वेडावाकडा गोल काढला आणि त्याला दरवाजे पाडले. “हे यरुशलेम. हा मेंढ्यांचा दरवाजा. हा कुठला सांगा? मासळीचा दरवाजा.” आम्ही कोळणी एकदम सरसावून बसलो. यरुशलेमच्या तटाला मासळीचा दरवाजा होता हे इतकी वर्षं चर्चला जाऊन मला माहीत नव्हतं. आमच्या रांगेत कुणालाच नव्हतं.

मग त्यांनी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. यरुशलेमचा पडका तट पुन्हा बांधून घेतला तो हा नहेम्या. एरवी हा अध्याय कुणी वाचत नाही, कारण त्यात नुसती नावं आहेत: अमक्याच्या मुलाने इथपासून तिथपर्यंत दुरुस्ती केली, त्याच्या पुढे तमक्याने. फोरमनकाका म्हणाले, “ही यादी नाही, ही हजेरी आहे. कामावरच्या हजेरीपटासारखी वाचा.” आणि तशी वाचली तर तिच्यात काय नाही! प्रमुख याजक स्वतः आपल्या भावांबरोबर दरवाजा बांधतोय. सोनार आणि अत्तर करणारा तटाला दगड लावतायत, ज्यांचा गवंडीकामाशी काडीचा संबंध नाही. एक अर्ध्या यरुशलेमचा अंमलदार आपल्या मुलींना घेऊन कामावर आलाय. उकिरड्याकडचा दरवाजा कुणी केला? एका जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने. आणि तकोवाच्या लोकांनी काम केलं, पण त्यांच्यातल्या बड्या मंडळींनी खांदा लावला नाही, हेही लिहून ठेवलंय. अडीच हजार वर्षांपूर्वीची कामचुकारी आजही वाचता येते. माझ्या शेजारी बसलेल्या सोसायटीच्या माजी चेअरमननी यावर घसा साफ केला.

काकांचा मुद्दा बरोबर होता. कितीतरी जणांनी ‘आपापल्या घरासमोरचा’ भाग बांधला, असं तिथे पुन्हा पुन्हा येतं. घरासमोरची भिंत माणूस कच्ची बांधत नाही, शत्रू आला तर पहिला त्याच्याच दारात येणार. कामाला अर्थ असावा वगैरे भाषणं आपण ऐकतो, पण तो अर्थ माणसाच्या उंबऱ्याला नेऊन लावायचं काम कुणीतरी करावं लागतं. नहेम्याने ते केलं. त्याआधी रात्री थोडी माणसं घेऊन तो पडका तट फिरून पाहून आला, कुणालाही न सांगता. भाषण नंतर, पाहणी आधी. तट बावन्न दिवसांत उभा राहिला. आमच्या बंदीपेक्षा नऊ दिवस कमी.

नंतर प्रत्येकाला एक मोठा कागद दिला. आपल्या धंद्याचा तट काढायचा, प्रत्येक तुकड्यावर कोण उभं आहे त्याचं नाव लिहायचं, आणि नाव ठाऊक नसेल तिथे नुसती रेघ. मी तांडेल, म्हणजे समुद्रात बोट चालवणारा म्होरक्या, लिहिला, खलाशी लिहिले, इंजिनाचा मिस्त्री, डिझेलचा हिशेब ठेवणारा, लिलावाला माझ्याबरोबर टोपल्या उचलणारी. बर्फाच्या गाडीवर येणारा पोरगा आला आणि पेन थांबलं. पहाटे त्याला उशीर झाला तर आमचा अख्खा माल मऊ पडतो. रेघ मारली. आजूबाजूला पाहिलं तर रेघा सगळ्यांच्याच कागदावर होत्या, एका बेकरीवाल्याच्या तर नावांपेक्षा जास्त. माझा कागद आता घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. अठराशेतले हजार रुपये इथेच वसूल.

दुपारी इथ्रो. बायबलमधल्या इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याचा सासरा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून लोकांचे तंटे सोडवतोय आणि रांग काही संपत नाही. सासरा येतो, दिवसभर बघतो आणि सांगतो की हे काही खरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, मोठं तेवढं तुझ्याकडे येऊ दे. गोष्ट ऐकलेली होती. पण ती चालू असताना पुढच्या रांगेतल्या केटरिंगवाल्या बाईंचा फोन वाजत होता. दुसऱ्या दिवशी त्यांची लग्नाची ऑर्डर होती. त्या उठायच्या, दाराशी जायच्या, परत यायच्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, “बाय, स्पीकरवर टाक ना, आम्हीही ऐकतो.” बाईंनी टाकला. पलीकडून पोरगा: “मॅडम, कोथिंबीर किती जुड्या?” सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, “त्याला किती वर्षं झाली तुझ्याकडे?” “सात.” “आणि कोथिंबीर कधी चुकली?” बाई विचारात पडल्या, म्हणाल्या, चुकली नाही कधी, पण तो विचारतो. “तो विचारतो की तुला विचारलेलं लागतं?”

इथ्रोच्या गोष्टीवर इतकं नेमकं प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही. पुढे सिस्टरांनी एकच गोष्ट करून घेतली: तुमच्या हाताखालच्या माणसाने तुम्हाला न विचारता घ्यायचे तीन निर्णय लिहा, आणि समोर रुपयांची मर्यादा. मी तांडेलाच्या नावापुढे लिहिलं: हवा बघून माघारी फिरणं, जाळं कापायचं की ओढायचं, आणि बंदराबाहेर लागलंच तर पाच हजारांपर्यंतची दुरुस्ती. नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, पहिले दोन तर तो विचारतच नाही. तिसऱ्यावर मात्र आमचं घरी अजून चालू आहे.

संध्याकाळी फादरांनी येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे दृष्टांत, घेतला आणि खरी मजा आली. मळेवाला पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, पाचला, आणि शेवटी सगळ्यांना सारखाच एक दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, देतो. वसईत बिल्डिंगची कामं घेणारे एक कंत्राटदार ताडकन उभे राहिले. “फादर, असं केलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या साइटवर पाचच्या आधी कोणी येणार नाही.” हशा. मागून अर्नाळ्याकडचे एक नाखवा, म्हणजे बोटमालक, बोलले, “आमच्याकडं अर्ध्या हंगामात खलाशी आला तरी त्याच्या घरात पोरं तेवढीच असतात.” मग जी जुंपली ती जेवणाची घंटा झाली तरी थांबेना. उचल घेऊन पळून गेलेल्या खलाश्याचं काय? आजारी पडलेल्याचा वाटा धरायचा की नाही? फादरांनी १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर काढलेल्या पत्राचा आधार दिला: मालक आणि मजूर राजीखुशीने ठरवतील ते ठरवतील, पण काटकसरी मजुराचं पोट भरेल याच्या खाली मजुरी जाता कामा नये. आणि त्याआधीचं, मोशेच्या नियमशास्त्रातलं: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची. कंत्राटदार म्हणाले, “माझं बिल सहा महिन्यांनी निघतं, मी सूर्य कुठून थांबवू?” यावर फादरांकडे तयार उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते असल्याचं दाखवलंही नाही. म्हणाले, उद्या नाश्त्याला माझ्याशेजारी बसा. बसले होते दोघं, मी पाहिलं. काय बोलले ते कानावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, आणि बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक. खोट्या तराजूचं वचन निघालं तेव्हा मासळीवाल्या बायका एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. बर्फाच्या पाण्याचं वजन कोणाच्या गळ्यात, घाऊकवाल्याच्या की आमच्या, हा आमचा जुना तंटा. अर्धा तास मिळाला, दोन लागले असते.

आता दुपार. मुंबईहून एक सूटबूटवाले वक्ते आले. स्लाइडवर गरुड, स्लाइडवर डोंगराचं शिखर, स्लाइडवर कुठल्यातरी अमेरिकन कंपनीचा मालक हात बांधून उभा. इंग्रजी व्हिडिओ, खाली अक्षरं नाहीत. ‘आपला व्हिजन लिहा’ म्हणून कागद वाटले. माझ्या पलीकडच्या आजोबांनी त्यावर चष्म्याचा नंबर लिहिला. माझा राग वेगळाच आहे. आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारलं आणि १८६२ साली संतपद मिळालं, ते संन्यासी व्हायच्या आधी व्यापार करायचे. चांगला चाललेला धंदा सोडून फ्रान्सिस्कन झाले, आणि आधी जपानात राहून शिकलेली जपानी भाषा पुढे दुभाषा म्हणून कामाला आली. काम, हेतू, शहाणपण, सगळं या एका माणसात होतं आणि तेही घरचं. त्यांचं नाव फक्त सुरुवातीच्या प्रार्थनेत एकदा आलं. गरुडाला चाळीस मिनिटं.

शेवटी पाय धुण्याचा विधी ठेवला होता, प्रत्येकाने शेजाऱ्याचे पाय धुवायचे. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हलतं. इथे सूटवाले वक्ते ‘सर्व्हंट लीडरशिप’ म्हणत होते आणि अर्धे लोक मोबाइलवर रील काढत होते. माझे पाय जावेने धुतले, ती म्हणाली नखं काप. हा भाग पुढच्या वेळी वगळावा किंवा मोबाइल बाहेर ठेवायला लावावेत.

राहण्या-खाण्याचं थोडक्यात. खोल्या स्वच्छ, पण पावसाने भिंतींना ओल, गाद्यांना वास. डास भरपूर. पंखा रात्री दोनदा गेला. न्याहारीचे फुगे (आमच्याकडचे तळलेले गोल पाव) आणि चहा उत्तम, दुपारची सुकटीची चटणी त्याहून उत्तम. रात्री मात्र ताटात रोहू आला. खिडकीतून समुद्राचा आवाज येतोय आणि कोळ्यांच्या ताटात तळ्यातली मासळी! बंदी आहे हे आम्हालाही कळतं हो, पण मग अंडी करा, वालाचं बिरडं करा. नाखवांनी काटा बाजूला काढत तो तुकडा बराच वेळ निरखला आणि भात-डाळीवर उठले.

एक मोठी उणीव राहिली. कर्जाचा कागद कसा वाचायचा, व्याज कसं मोजायचं, यावर अक्षरही नाही. आणि नहेम्याच्याच पाचव्या अध्यायात भाऊबंदांकडून व्याज घेणाऱ्यांना तो सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारतो. स्वतः अधिकारी असूनही बारा वर्षं अधिकाऱ्याचा शिधा घेतला नाही असं लिहितो. फोरमनकाकांना मी हे चहाच्या वेळी विचारलं. ते म्हणाले, “माझ्याकडे दीडच तास होता, गरुडाला विचारा.” म्हणजे नाराज मी एकटी नव्हते.

तर कुणी जावं? ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत त्यांनी जरूर जावं, पहिला दिवस अजिबात चुकवू नये. दुसऱ्या दिवशी मिस्सा आणि नीतिसूत्रांचा वर्ग करून जेवून निघालात तर काही बुडत नाही. जोडीने गेलात तर बरं, कारण निर्णयांचा कागद एकट्याने भरून घरी नेला की भांडण होतं. ख्रिस्ती नसलात तरी अडचण नाही. आमच्यात दोन हिंदू बायका होत्या, पापडाचा धंदा करणाऱ्या, आणि इथ्रोवर सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच होते.

पुढची बॅच नारळी पौर्णिमेच्या आधी घ्यायचा विचार आहे म्हणे. मला आमच्या तांडेलाला पाठवायचंय. फी बोटीच्या खर्चात धरणार, त्याच्या वाट्यातून नाही. नवरा तयार आहे. आयोजकांनी तेवढं व्याजाचं घ्यावं आणि वक्ते मराठीत बोलणारे आणावेत. आणि जाणाऱ्यांनी चादर आपली न्यावी, डासांची अगरबत्तीसुद्धा.