मेरा राशन २.० की महाईपॉस? काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

रेशनवर माणशी पाच किलो, अंत्योदय म्हणजे अतिगरिबांच्या कार्डामागे ३५ किलो, केशरी कार्डात कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून लिहितोय. इथे मुद्दा एवढाच: या महिन्यात कार्डावर किती धान्य लागलंय, किती उचललं आणि किती शिल्लक आहे, हे दुकानात न जाता, केंद्राच्या मेरा राशन ॲपवर किंवा महाराष्ट्राच्या महाईपॉस वेबसाइटवर खात्रीने कळतं का? कळतं. पण ते केव्हा बघायचं याला फार महत्त्व आहे आणि नेमकं तेच सांगितलं जात नाही.

बहुतेक लोक ॲप शोधतात ते दुकानात खटका उडाल्यावर. 'मशीनमध्ये एवढंच दाखवतंय' असं ऐकून घरी यायचं आणि मग मोबाईल उघडायचा. तोवर त्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागलेला असतो. रेशनच्या व्यवहारात अंगठा म्हणजे सही. तो लागला, व्यवहार पूर्ण झाला की सरकारी नोंदीत ते धान्य तुम्हाला मिळालं, मग पिशवीत पाच किलो कमी का असेना. म्हणून देय आकडा अंगठ्याच्या आधी बघायचा आणि नोंद अंगठ्यानंतर तिथेच उभं राहून बघायची. पुढचं सगळं याच एका कसोटीवर तोललं आहे.

आधी ॲप. मेरा राशनची पहिली आवृत्ती मार्च २०२१ मधली, २.० आली २०२४ मध्ये. बेनिफिशियरी हा पर्याय निवडायचा, आधार क्रमांक आणि कॅप्चा टाकायचा, ओटीपी येतो, मग चार आकडी पिन ठरवायची. पुढच्या वेळी पिनवर काम होतं. आत कार्डाचं डिजिटल रूप, सदस्यांची नावं, देय धान्य, विक्रीच्या पावत्या, जवळची दुकानं आणि तक्रारीची सोय आहे. कार्डाचा क्रमांक पाठ नसला तरी आधारवरून कार्ड सापडतं, ही मोठी सोय.

अडचण ओटीपीची. तो आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. घरातल्या वयस्कर माणसाचं आधार दहा वर्षांपूर्वी काढलेलं, तेव्हाचा नंबर बंद पडलेला, असं असेल तर ॲप तिथेच थांबतं. नंबर जोडायला आधार केंद्रात ७५ रुपये लागतात. फक्त शिल्लक बघण्यासाठी हा खर्च करू नका. कार्डावरच्या ज्या सदस्याचा नंबर जोडलेला आहे त्याच्या आधारने लॉगिन करा, कार्ड तेच उघडतं. घरात कुणाचाच नंबर जोडलेला नसेल तर मात्र एकाचा जोडून घ्या. बोटं उमटत नसतील तेव्हा दुकानात ओटीपीचा रस्ता लागतो आणि तोही याच नंबरवर येतो.

सुरुवातीला माझा कौल ॲपच्या बाजूने होता. आता तो बदलला आहे. दर महिन्याच्या तपासणीसाठी महाराष्ट्राची महाईपॉस ही वेबसाइटच जास्त कामाची आहे. दिसायला जुनाट, मोबाईलवर अक्षरं बारीक, पण तिथे आधार लागत नाही, ओटीपी लागत नाही. 'आरसी डिटेल्स' उघडायचं, महिना आणि वर्ष निवडायचं, बारा आकडी एसआरसी क्रमांक (कार्डाचा ऑनलाइन क्रमांक) टाकायचा. खाली तीन गोष्टी येतात: सदस्यांची यादी, त्या महिन्याचं देय धान्य आणि झालेले व्यवहार. साध्या फोनवर, कमी डेटात, शेजारच्या आजींचं कार्डसुद्धा त्यांचा ओटीपी न मागता बघता येतं. त्यासाठी कुणाला वीस-तीस रुपये देण्याची गरज नाही.

एसआरसी क्रमांकाबाबत एक गफलत सर्रास होते. जुन्या कागदी शिधापत्रिकेवर छापलेला क्रमांक म्हणजे एसआरसी नव्हे. एसआरसी बारा आकडी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि बऱ्याच कार्डांवर तो आतल्या पानावर पेनाने लिहिलेला असतो. नसेल तर जुन्या पावतीवर मिळेल किंवा ॲपमध्ये दिसेल. एकदा सापडला की कार्डाच्या कव्हरवर ठळक लिहून ठेवा.

आता व्यवहारांचा तक्ता. पूर्ण वेबसाइटवर सगळ्यात मोलाचा भाग हाच आणि लोक तो वाचतच नाहीत. प्रत्येक ओळीत कोणत्या सदस्याने धान्य उचललं, कोणत्या दुकानातून, नियतनाचा महिना (धान्य कोणत्या महिन्याच्या वाट्याचं), उचलल्याची तारीख, पावती क्रमांक आणि गहू-तांदळाचे किलो असतात. नियतनाचा महिना आणि उचलल्याची तारीख हे दोन रकाने वेगवेगळे वाचायचे. २०२५ मध्ये पावसाळ्याआधी जून, जुलै, ऑगस्टचं धान्य एकदम देण्यात आलं. अशा वेळी तारखा जवळजवळच्या पण नियतनाचे महिने वेगळे दिसतात. जुलैमध्ये दुकानात गेल्यावर 'तुमचं उचललंय' असं उत्तर मिळालं तर ते खरं आहे की नाही, हे या दोन रकान्यांवरूनच ठरतं.

हा तक्ता म्हणजे तुमचं धान्याचं पासबुक. फरक इतकाच की बँकेतली शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, इथली साधारणपणे जात नाही. महिना संपला की न उचललेलं गेलं. मुदतवाढ मिळाली तर ती तात्पुरती असते, तिच्यावर विसंबू नये. म्हणून महिनाअखेरीची वाट बघणं टाळा. शेवटच्या चार दिवसांत गर्दी होते, सर्व्हर मंदावतो आणि दुकानातला साठाही आटलेला असतो.

दुकानातला क्रम असा ठेवा. निघण्यापूर्वी देय किलो बघून कागदावर लिहा: गहू इतका, तांदूळ इतका. प्रमाण महिन्यागणिक आणि जिल्ह्यागणिक बदलतं, मागच्या महिन्याचा आकडा गृहीत धरू नका. दुकानात आधी विचारा, आज दोन्ही धान्यं आहेत ना? गहू आलाच नसेल तर फक्त तांदळाची नोंद करायला सांगा. मशीनमध्ये वस्तू आणि वजन वेगळं टाकता येतं. 'अंगठा आत्ता लावून ठेवा, गहू परवा घेऊन जा' ही पद्धत सगळ्यात घातक. परवा गहू कमी आला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही, कारण नोंद पूर्ण झालेली असते. मग अंगठा, मग छापील पावती, मग वजन. काट्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करून घ्या. पावतीवरचे किलो आणि काट्यावरचे किलो तिथेच जुळवा.

पावती मागताना संकोच नको. दुकानदाराचं कमिशन क्विंटलमागे ठरतं आणि नोंदलेल्या विक्रीवर मिळतं. त्याच्यासाठी नोंद महत्त्वाची, तशीच ती तुमच्यासाठीही आहे. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेचं धान्य मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफतच ठेवलेलं आहे. म्हणजे गहू-तांदळासमोर पावतीत रक्कम शून्य हवी. अंत्योदयची साखर वेगळी, ती विकत असते. हमाली, गाडीभाडं, पिशवी अशा नावाने कुणी पैसे मागितले तर 'पावतीत दाखवा' एवढंच म्हणा.

थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. फोटो काढा, नाहीतर पावती क्रमांक तरी लिहून ठेवा. छापील पावती मिळालीच नाही तर ॲपमधली विक्रीची पावती कामी येते. म्हणून ॲप काढून टाकू नका असं आता म्हणतो. कार्ड शोधायला, पावती दाखवायला आणि तक्रार करायला ॲप, महिन्याचा हिशोब बघायला वेबसाइट.

अंगठा लागला आणि पावती निघण्याआधी नेटवर्क गेलं, तर पुन्हा अंगठा लावू नका. आधी वेबसाइटवर व्यवहार चढला का ते बघा. चढला असेल तर धान्य मागा, नोंद झालेली आहे. नसेल तरच पुन्हा प्रयत्न करा.

बोटांबद्दल. ऊसतोड, बांधकाम, धुणीभांडी करणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात, म्हाताऱ्यांच्या रेषा पुसट होतात. अंगठा म्हटलं म्हणून अंगठाच लागतो असं नाही, दहाही बोटं चालतात. मशीनवर 'बेस्ट फिंगर' तपासून कोणतं बोट नीट उमटतं ते कळतं. तेच बोट दरवेळी वापरा, हात धुऊन, कोरडे करून. तरी जमलं नाही तर डोळ्याचं स्कॅनर किंवा ओटीपी. 'बोट उमटत नाही म्हणून धान्य नाही' हे उत्तर ऐकून माघारी यायचं नाही.

आता कमी दिसणाऱ्या आकड्यांविषयी. प्राधान्य कुटुंबात, म्हणजे माणशी पाच किलोच्या कार्डात, सहा नावं असतील तर ३० किलो हवं. २५ दिसत असेल तर मशीनमध्ये एक युनिट, म्हणजे एक माणूस, कमी आहे. कागदी कार्डावर नाव असणं आणि मशीनमध्ये युनिट असणं या दोन वेगळ्या गोष्टी. वेबसाइटवरची सदस्यांची यादी कार्डाशी नाव-नाव जुळवा, प्रत्येकासमोरची ई-केवायसीची (आधारवरून ओळख पटवण्याची) स्थितीही बघा. कारणं साधारण तीनच असतात: आधार जोडलेलं नाही, ई-केवायसी राहिली आहे, किंवा तेच आधार दुसऱ्या कार्डावर आहे. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, हे तिसऱ्या प्रकारातलं नेहमीचं कारण. तिथे आधी नाव कमी, मग नाव वाढ, हाच क्रम. ई-केवायसी कोणत्याही रास्त भाव दुकानात मोफत होते. घरून करायची तर मेरा ई-केवायसी आणि आधार फेसआरडी ही दोन ॲप लागतात. राज्य निवडा, आधार टाका, ओटीपी, मग चेहरा. उजेड समोरून हवा, पाठीमागून नको. मुलांच्या आधारचं बायोमेट्रिक ५ आणि १५ वर्षांनंतर अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं की मुलाचं बोट जुळत नाही आणि ई-केवायसी अडते. त्यासाठी आधी आधार केंद्र, नंतर दुकान.

अंत्योदयला हा हिशोब लागू नाही. घरात दोन माणसं असोत की आठ, ३५ किलोच.

देय शून्य दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. महिन्याच्या पहिल्या दिवसांत नियतन चढलेलं नसतं, चार दिवसांनी पुन्हा बघा. तरीही शून्यच असेल तर कार्डाचा प्रकार बघा. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम बँकेत मिळते, आधी माणशी महिना १५० रुपये, पुढे १७०. त्यांनी मशीनमध्ये धान्य शोधू नये, बँकेचं पासबुक भरून घ्यावं.

'माल आलाच नाही' हेही तपासता येतं. त्याच वेबसाइटवर दुकानाच्या क्रमांकावरून स्टॉक रजिस्टर उघडतं: सुरुवातीचा साठा, आलेला, दिलेला, उरलेला. उरलेल्या रकान्यात चार क्विंटल तांदूळ दिसत असताना दुकानात तांदूळ नाही असं सांगितलं, तर प्रश्न विचारायला तुमच्याकडे पुरावा आहे. शांतपणे विचारा, कधीकधी माल खरोखर वाटेत असतो.

बाहेरगावी असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. एक देश एक रेशन कार्डाची, म्हणजे आपल्या कार्डावर दुसऱ्या राज्यातही धान्य उचलण्याच्या सोयीची, सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या जोड्यांनी झाली, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. आता सगळीकडे चालतं. बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला गेलेलं जोडपं तिथे आपल्या वाट्याचं उचलू शकतं आणि गावाकडे राहिलेली आई उरलेलं घेऊ शकते. त्यासाठी कुणी किती घ्यायचं हे घरात आधी ठरवा. एकाने पूर्ण कोटा उचलला की दुसऱ्याला शून्य दिसतं आणि ते मशीनच्या दृष्टीने बरोबरच असतं. परराज्यात गहू, तांदूळ ही केंद्राची धान्यंच मिळतात, महाराष्ट्राने स्वतः दिलेल्या जादा वस्तू नाहीत.

ई-केवायसीच्या नावाने येणाऱ्या लिंक आणि एपीके फाइल उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

तक्रारीसाठी १९६७ आणि १८००-२२-४९५० हे टोल-फ्री क्रमांक आहेत, पोर्टेबिलिटीसाठी (परराज्यात धान्य उचलण्याबाबत) १४४४५. फोन करण्याआधी एसआरसी क्रमांक, दुकान क्रमांक, नियतनाचा महिना, पावती क्रमांक, नोंदलेले किलो आणि मिळालेले किलो एका कागदावर लिहून घ्या. 'धान्य कमी देतात' या तक्रारीचं काही होत नाही. 'अमुक पावती, नोंद ३० किलो, प्रत्यक्ष २६' या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. लेखी अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि वेबसाइटवरच्या त्या महिन्याच्या पानाची छापील प्रत सोबत जोडा.